खड्ड्यातून विचारलेला प्रश्न

बा लोंबे मेले, आणि सरकारला एकदम त्यांचा उमाळा आला.

जिवंत होते तेव्हा याच सरकारनं त्यांचं साप्ताहिक बंद पाडलं, छापखानेवाल्याला दम भरला, खोटी बातमी पसरवल्याचा खटला घातला. मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेला पहारेकऱ्याच्या टेबलावर त्यांचा फोटो ठेवलेला असायचा, हा माणूस दिसला तर आत सोडू नका म्हणून. आणि मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रांताचे मंत्री काबासो यांच्याकडून शवपेटी हजर. पितळी कड्यांची, आत पांढरं रेशीम. बाना कसुबा, म्हणजे लोंबेंची बायको, पुढच्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिनं पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कधी बसायला खुर्ची दिली नाही मेल्यांनी, आता झोपायला पेटी देतायत."

मी झिओने जेरे. लोंबेंच्या 'इशिवी'त मी बातम्या आणायचे, लिहायचे, पानं लावायचे आणि शुक्रवारी बाजारात सुक्या मासळीच्या शेजारी अंक घेऊन बसायचे. इशिवी म्हणजे आवाज. नाव मोठं, पानं चार.

लोंबे बेंबा जमातीचे आणि मी न्गोनी. आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि मग कंटाळून ठरवलं की यापुढे फक्त तोंडानं मारायचं. तेव्हापासून आम्ही एकमेकांचे थट्टेकरी. सकाळी मी कचेरीत पाऊल ठेवलं की लोंबे ओरडायचे, "आली का उंदीरखाऊ? दातात शेपूट अडकलंय बघ." मी म्हणायचे, "आले रे माकडखाऊ, तुझ्या मामाला झाडावर बघून आले." थट्टेकऱ्यानं काय वाटेल ते बोलावं, समोरच्यानं रागवायचं नाही. जो रागावला त्याची अब्रू गेली. आणि मयतीत तर आमचंच राज्य. रडायचं काम घरच्यांचं, हसवायचं आमचं. मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करायची, खणलेल्या खड्ड्यात उडी मारायची आणि हातावर काहीतरी पडल्याशिवाय वर यायचं नाही. तोवर पेटी खाली जात नाही. राजाची असली तरी.

आता त्या नावेबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

तळ्यातल्या बेटावर काबासोंची सभा होती. सभेला गर्दी हवी म्हणून धक्क्यावरून माणसं नावेनं नेत होते. वारा सुटला होता. धक्क्याचा अंमलदार काटोंगो यानं नाव बांधून ठेवली होती, हे धक्क्यावरच्या पोरासोरांनीही पाहिलं. मग थोड्या वेळानं त्यानंच दोर सोडला. नाव बुडाली. काही बायकांची लुगडी लव्हाळ्यात अडकलेली सापडली, माणसं सापडलीच नाहीत.

चौकशी समिती बसली, उठली, अहवाल झाला, आणि अहवालावर शिक्का पडला, गोपनीय. देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे म्हणाले. एक गंजकी नाव बुडाली, तिच्यात देशाची कसली सुरक्षितता बसली होती ते कुणी सांगितलं नाही. काटोंगोला हलगर्जीपणाबद्दल तुरुंगात टाकलं. वड्याचं तेल वांग्यावर. कोर्टात तो एकच सांगत राहिला, "मला फोन आला. नाव सोड म्हणाले." मंत्र्यांनी शपथेवर सांगितलं की त्या दिवशी धक्क्यावर कुणीही फोन केला नाही. फोनचा तपास होता तो त्या अहवालात, आणि अहवाल कुलपात.

तेव्हापासून बा लोंबेंचा एकच प्रश्न. पत्रकार परिषद पाण्याची असो, खताची असो, फुटबॉलची असो, ते मागच्या रांगेतून उठायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "बा लोंबे, इशिवी. एकच प्रश्न. नाव सोड असा फोन कुणी केला?" आत सोडणं बंद झाल्यावर दारातून विचारायचे. साप्ताहिक बंद झाल्यावर बाजारात उभं राहून विचारायचे. मी म्हणायचे, "अरे, दुसरं काही सुचत नाही का तुला?" तर म्हणायचे, "पहिल्याचं उत्तर आलं की दुसरा विचारीन." सीमेपलीकडून कुणी पत्रकार आला की दोघं आपापल्या सरकारची उणीदुणी काढत बसायचे, आणि शेवटी लोंबे म्हणायचे, "प्रत्येक देशात कुलूप वेगळं असतं रे बाबा, लपवायची खोड एकच." कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे ते खरंच मानायचे. मी मानत नव्हते. मी पाहिलंय, कोंबडं झाकून त्याची भाजीसुद्धा करतात.

दफनाच्या आदल्या दिवशी दुपारी मंत्र्यांचे राजशिष्टाचार अधिकारी आले. इस्त्रीचा कोट, हातात कार्यक्रमाचा कागद. अंगणात पुरुषमंडळी विस्तवाभोवती बसली होती, आम्ही बायका मागे न्शिमाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट पिठल्याचं, मोठं पातेलं ढवळत होतो. मला बाजूला बोलावून ते म्हणाले, "बाई, दफनाचा कार्यक्रम प्रांताच्या रेडिओवरून थेट जाणार आहे. मंत्रिमहोदय स्वतः बोलणार. तेव्हा बाकी सगळी भाषणं आज लेखी पाहिजेत."

"आणि 'इशिवी'तर्फे मी बोलणार होते ते?"

"ते वगळलंय."

"पत्रकार संघ?"

"वेळेअभावी."

"कुटुंब?"

"आभाराच्या दोन ओळी. त्या आम्ही लिहून दिल्यात."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही मेलेल्या माणसाला. मी काही बोलणार तेवढ्यात कागदावर नजर गेली. पुष्पचक्र, मग प्रार्थना, मग स्वच्छ अक्षरात 'थट्टेकरी', मग पेटी खाली सोडणे. त्यांनीच लिहिलं होतं. माणूस याच मातीतला, त्याच्या आजीच्या मयतीतही कुणीतरी खड्ड्यात उडी मारलीच असणार. थट्टेकऱ्यांशिवाय दफन त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

मी साळसूदपणे विचारलं, "हे थट्टेकऱ्यांचंसुद्धा लेखी द्यायचं का, साहेब?"

तो माणूस मनापासून हसला. "थट्टा कुणी लेखी देतं का, बाई! जरा थोडक्यात आटपा म्हणजे झालं."

"आटपू की," मी म्हणाले.

आत जाऊन मी बाना कसुबापुढे गुडघे टेकून बसले. "मला त्यांचा कोट हवाय. आणि टोपी, चष्मा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडून रडून डोळे सुजले होते, पण नजर धारदार. "काय करणार आहेस?"

"ते जे करायचे तेच."

"पोलीस नेतील तुला."

"नेऊ देत."

ती उठली, खुंटीवरचा कोट काढला, खिशातला रुमाल तसाच आत ठेवून माझ्या हातात दिला. "त्यांना हसवत पाठव, झिओने. पण तोंड बांधून पाठवू नको."

मागच्या अंगणात, चुलीपासूनही लांब, कुंपणाला टेकून डोरिका बसली होती. काटोंगोची बायको. तिनं सुक्या मासळीची टोपली आणली होती, ती आणली तिथंच पडून होती. कुणी हात लावला नव्हता. नावेत ज्यांची माणसं गेली त्या बायका त्याच अंगणात होत्या, आणि हिच्या नवऱ्यानं आमची माणसं बुडवली हे त्यांच्या मनात पक्कं होतं. बाना चिती नावाची एक होती, दोन्ही मुलगे गेलेली. ती डोरिका दिसली की थुंकायची. मी टोपली उचलली. डोरिका हळूच म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं नाव शिवी न देता लिहिणारा एकच माणूस होता. आता नवऱ्याला तुरुंगातून बाहेर काढायला कोण बोलणार?"

मी टोपली आत नेली. पोकळ धीर देणं मला जमत नाही.

दफनाला अख्खं गाव लोटलं होतं. चर्चच्या गायिका, कोळी, शाळेतली पोरं, आणि सावलीच्या तंबूत मंत्री काबासो. रेडिओवाल्यानं खड्ड्याशेजारीच मायक्रोफोन उभा केला होता, वायर पार रस्त्यावरच्या गाडीपर्यंत. काबासोंचं बोलणं गोड. या माणसाला बोलता येतं हे मी कधीच नाकारलं नाही. शाळेतल्या आठवणी, एका बाकावरचं बसणं, लोकशाहीचा खांब वगैरे. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"शेवटच्या दिवसांत मी त्यांना भेटलो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, काबासो, त्या नावेचा विषय माझ्यापुरता मिटला. मला उत्तर मिळालं. आता गावानंही ती जखम उकरू नये. बंधुभगिनींनो, ही त्यांची शेवटची इच्छा."

शेवटच्या दिवसांत त्यांच्या खाटेशी मी होते, बाना कसुबा होती. मंत्री सोडा, मंत्र्याचा शिपाईही फिरकला नव्हता. आणि हा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खात होता, उभ्या गावासमोर, रेडिओवर! पुढ्यात निवडणूक. लोंबेंच्या तोंडून एकदा 'मिटलं' वदवून घेतलं की प्रश्न त्यांच्याबरोबर पुरला जाणार आणि काटोंगो तुरुंगात कुजणार. बाना कसुबानं मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं.

प्रार्थना झाली. पास्टर म्हणाले, "थट्टेकरी."

मी कोट घातला, टोपी खाली ओढली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवला आणि लोंबेंसारखी डावा खांदा पाडून, पाय फरफटवत निघाले. पहिल्याच खाकरण्याला गर्दी फुटली. हुबेहूब! पेटीवर टकटक करून मी आत वाकून ओरडले, "अरे माकडखाऊ, एवढी महागाची पेटी? बिल कुणाच्या नावावर फाडलं?" बायका हसून हसून एकमेकींवर कोसळल्या. बाना कसुबा पदराच्या टोकाआड हसत होती आणि रडत होती. काबासोही हसत होते. का हसणार नाहीत? तेही बेंबा, माझे थट्टेकरीच.

मग मी उडी मारली.

खड्डा खोल होता, तळाशी ओली वाळू. खालून पाहिलं तर आभाळाचा तुकडा, पेटी दोरांवर धरून उभी असलेली माणसं आणि अगदी काठावर काबासोंचे चकाकणारे बूट. रिवाजाप्रमाणे त्यांनी खिशातून क्वाचाच्या काही नोटा काढल्या आणि मी वर धरलेल्या टोपीत टाकल्या.

मी पैसे वर भिरकावले. खाकरले.

"बा लोंबे, इशिवी. एकच प्रश्न."

ते वाक्य गावात तान्ह्या पोरालाही पाठ होतं.

"नाव सोड असा फोन कुणी केला?"

काबासो हसले. गडी पोचलेला. गर्दीकडे वळून म्हणाले, "बघा, उंदीरखाऊ सवयीनं बिळात शिरली! अरे, कुणीतरी मांजर आणा रे!"

सगळे खदखदून हसले. टोला झकास होता, मीही हसले. थट्टेत समोरच्याच्या टोल्याला दाद द्यायची असते. "आणा मांजर," मी म्हणाले, "ती येईपर्यंत उत्तर दे. मला उत्तर मिळालं म्हणालास ना मघाशी? मग मोठ्यानं सांग, मला हल्ली ऐकू कमी येतं. मेलोय मी."

आणखी नोटा आल्या. मी परत फेकल्या. एक जाड पाकीट आलं, तेही परत गेलं. "पैसे नकोत. पत्रकाराला उत्तर लागतं."

"बाई, पुरे आता," राजशिष्टाचार अधिकारी काठावरून कुजबुजले. घामानं कोट काळा पडला होता. ते रेडिओवाल्याला हातानं खूण करत होते, बंद कर, बंद कर. रेडिओवाला नेमका त्याच वेळी पाठ फिरवून वायरीची गाठ सोडवण्यात गुंतला होता. असं गुंतायलाही छाती लागते.

काबासोंनी पोलीस इन्स्पेक्टरला बोलावलं. तो काठापर्यंत आला, वाकला, मला पाहिलं आणि सरळ झाला. "साहेब, खड्ड्यातल्या थट्टेकरणीला हात लावला तर माझी आई मला घरात घेणार नाही."

"मी सांगतोय तुला!"

"ती तुमचं ऐकणार नाही, साहेब. माझी आई."

लोक पुन्हा हसले, पण या वेळी हसण्याचा सूर बदलला होता. ऊन डोक्यावर आलं. दोर धरणाऱ्यांचे हात थरथरायला लागले. पेटी त्यांचीच, पितळी कड्यांची, जडच्या जड. एक म्हातारा कोळी म्हणाला, "देऊन टाका की उत्तर, साहेब. ओझं पेलत नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "हो, सांगा." मग आणखी कुणी. कुणी ओरडत नव्हतं. बाजारात भाव विचारावा तसे विचारत होते, एकामागून एक. आणि मी खालून दर वेळी खाकरून तेच म्हणत होते, बा लोंबे, इशिवी, एकच प्रश्न.

आणि काबासो रागावले.

मी तो क्षण खालून पाहिला. चेहरा आधी हसत होता, मग तसाच राहिला, आणि मग त्यातलं हसू गळून पडलं. "काय उत्तर देऊ?" ते गरजले. "काय उत्तर देऊ तुम्हाला? तिकडे बेटावर लोक ताटकळलेले, आणि हा काटोंगो मला फोनवर एकदाच म्हणाला वारा आहे म्हणून! एकदाच! धोका होता तर पुन्हा सांगायला तोंड नव्हतं त्याला?"

त्यांनी स्वतःचं वाक्य ऐकलं असावं, कारण त्यांचा हात तोंडाकडे निघाला आणि वाटेतच थांबला. शपथेवर नाकारलेला फोन, सगळ्या प्रांताच्या रेडिओवर, त्यांच्याच तोंडून.

गर्दीच्या अगदी मागून डोरिकाचा आवाज आला. मोठा नव्हता, पण पोचला.

"त्यांनी पुन्हापुन्हा सांगितलं होतं, साहेब. मी शेजारी उभी होते. तुम्ही म्हणालात, दोर सोड, नाहीतर उद्या नोकरी सोड."

काबासो कुणाकडेही न बघता गाडीकडे चालू लागले. मागे अधिकारी, त्यांच्यामागे छत्री धरणारा. मातीसुद्धा टाकली नाही. रिवाज असा आहे की हक्काचं मिळालं की थट्टेकऱ्यानं क्षणभरही खड्ड्यात थांबायचं नाही. मी हात वर केले, आमच्यातल्या दोघी न्गोनी बायकांनी मला ओढून बाहेर काढलं. मी टोपी आणि चष्मा पेटीवर ठेवला. "मिळालं रे," मी म्हणाले.

पेटी खाली गेली. मातीसाठी रांग लागली तेव्हा डोरिका नेहमीसारखी लांबच उभी होती. बाना चिती तिच्याकडे चालत गेली. मला वाटलं, आता थुंकणार. तिनं डोरिकाचं मनगट धरलं आणि ओढत खड्ड्याशी आणलं, जवळजवळ फरफटत. "रोज सकाळी उठून मी तुझ्या नवऱ्याला शाप देत होते," ती म्हणाली. "तुरुंगात भेटायला जाशील तेव्हा सांग त्याला, मी ते सगळे परत घेतलेत. आणि हे सांगायला मीच येते तुझ्याबरोबर." मग तिनं डोरिकाच्या मुठीत माती भरली आणि तिला आपल्या शेजारी, त्या बायकांच्या मध्ये बसवलं. मला रडू फुटलं. थट्टेकरणीनं मयतीत रडू नये म्हणतात. मी रडले.

इन्स्पेक्टर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्यानं टोपी काढून काखेत धरली होती.

"बाई, आता तुम्ही खड्ड्याबाहेर आहात. आता मला हात लावावा लागेल. वरून फोन आलाय."

"कुणाचा?" मी विचारलं, आणि आजूबाजूचे चारजण हसले. तोही हसू दाबत होता. "आरोप काय?"

"गोपनीय माहिती उघड केल्याचा."

"मी कुठं उघड केली? मी तर फक्त विचारलं."

"ते ठाण्यात सांगा." मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "घाई नाही. आधी माती टाकून घ्या."

मी माती टाकली, हात झटकले आणि दोन्ही मनगटं त्याच्यापुढे धरली.

"चल," मी म्हणाले. "पण जबाब घेशील तेव्हा मंत्र्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, तुमच्या सरकारी कागदावर, वर तारीख घालून. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मी सही करणार नाही."